कामण आणि कमान

रोमन अक्षरांत 'ण' नाही, आणि फोनवर टाइप करताना काना-मात्रेचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्यामुळे शोधाच्या चौकटीत आमचं कामण आणि दारावरची कमान यांचं स्पेलिंग एकच होतं. हे मला पैसे गेल्यावर कळलं, आणि ते पैसे माझे नव्हते.

चिंचोटी नाक्यावरून भिवंडीकडे वळलं की कामणच्या आसपास गाळेच गाळे. त्यातल्या एका गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. मालक साठीचे. कामगार त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणते. मी वसईत राहते आणि छोट्या कारखान्यांच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक यावं म्हणून ऑनलाइन जाहिराती चालवते. काकांनी दिवसाचे पाचशे रुपये ठरवले, तेव्हा एवढंच म्हणाले, "मॅडम, पाचशे म्हणजे आमच्याकडे एका हेल्परची हजेरी."

दोन आठवडे क्लिक छान येत होते. फोन मात्र वाजत नव्हता. मी यादी छापून घेऊन गाळ्यावर गेले. जाहिरात दिसण्याआधी माणसाने नेमकं काय टाइप केलं होतं, त्याची ही यादी. मशीन बंद होतं, खळीचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. काकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. लग्नाची कमान डिझाइन. बंगल्याच्या गेटची कमान. टेम्पोचे कमान पाटे. कामणदुर्ग ट्रेक. कामण स्टेशनवरून चिंचोटी धबधबा. पॅकिंग जॉब वसई. रिकामे खोके फुकट. मध्येच राजस्थानातल्या भरतपूरकडच्या एका गावाची चौकशी, कारण त्या गावाचं नावही रोमनमध्ये असंच लिहितात.

काका रागावले नाहीत. त्यांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "या सगळ्यांचे पैसे आपण भरले?"

हो, भरले. चूक माझी होती. गावाचं नाव असलेले शब्द मी ढोबळ जुळणीवर सोडले होते, म्हणजे जवळपासचं काहीही शोधलं तरी जाहिरात उघडावी अशी मुभा. शिवाय ठिकाणाची निवड करताना एक पर्याय आधीच ठरलेला असतो: त्या भागात असलेली माणसं आणि त्या भागात रस दाखवणारी माणसंही. दुसरा गट काढून टाकायला हवा होता, तो मी काढला नव्हता. खोके सपाट गठ्ठे बांधून जातात खरे, पण वजनाच्या मानाने जागा फार खातात. काकांचा माल वसई, भिवंडी, मीरा रोड, ठाणे, फार तर बोईसर-तारापूरपर्यंत परवडतो. त्यापलीकडे टेम्पोचं भाडंच नफा गिळतं. जो माल तिथे पोचू शकत नाही, त्याची जाहिरात मी राजस्थानात दाखवत होते.

शोधातल्या जाहिरातींच्या या धंद्याचं मूळ मला अजूनही विलक्षण वाटतं. शोधात वरची जागा लिलावाने विकायची कल्पना १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने आणली. तिथे जास्त पैसे देणारा वर, असा सरळ व्यवहार होता. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली तेव्हा जाहिरातदार होते ३५०. खरा बदल २००२ मध्ये झाला. क्लिकला किती पैसे देणार एवढंच न बघता, लोक ती जाहिरात किती वेळा उघडतात हेही बघायला सुरुवात झाली. प्रत्येक शोधाला क्षणात एक लिलाव होतो, आणि शब्द, जाहिरात, पान ही तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तर कामणचा एक गाळा मोठ्या कंपनीच्या वर कमी पैशात दिसू शकतो. लहान माणसाला एवढी संधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाने कधी दिली नव्हती. म्हणून मी हे काम करते.

त्या दिवशी गाळ्यात बसून आम्ही नको असलेले शब्द काढायला घेतले. आमच्या भाषेत निगेटिव्ह. गेट, डिझाइन, ट्रेक, धबधबा, जॉब, पगार, फुकट, सेकंडहँड. जॉबचं एकवचन घातलं तर अनेकवचन आपोआप अडत नाही, तेही वेगळं घालावं लागतं. काका सांगत गेले, मी घालत गेले. "घर शिफ्टिंगही घाला," ते म्हणाले, "त्यांना दहा खोके लागतात." हे मला सुचलं नसतं. चाळीस वर्षं फोन उचलणाऱ्या माणसाला कोण गिऱ्हाईक होणार नाही ते तोंडपाठ असतं, आणि माझं अर्धं काम म्हणजे ते त्याच्याकडून काढून घेणं.

मग जाहिरातीची ओळच बदलली. 'उत्तम दर्जा, वाजवी दर' काढलं आणि 'किमान ५०० नग, ३ ते ७ प्लाय' लिहिलं. क्लिक लगेच घटले. गूगल जाहिरातीला देतं तो दर्जाचा आकडाही जरा खाली आला. तो मला चालतो. वेबसाइटवरचा हसऱ्या माणसांचा विकतचा फोटो काढून काकांच्या मशीनचा फोटो टाकला, मापांचा तक्ता दिला, नाक्यावरून गाळ्यापर्यंतचा रस्ता लिहिला. मशीन चालू असताना फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून जाहिरात मशीन थांबण्याच्या वेळेवर बेतली. सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंद.

पुढच्या यादीत एक ओळ होती: पाच प्लाय बॉक्स, अठरा बाय बारा बाय बारा, वसई. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. ज्याने माप टाइप केलं त्याचा माल तयार आहे, खोक्यावाचून अडलाय. त्याचा फोन आला होता आणि काकांनी तो घेतला होता.

पावसाळ्यात मी आजही कामणची यादी आठवड्यातून दोनदा बघते, कारण पाऊस लागला की धबधब्याची माणसं पुन्हा नव्या नव्या शब्दांनी येतात. २०२० पासून त्या यादीत सगळेच शब्द दाखवत नाहीत, त्यामुळे दिसतात ते तरी नीट वाचावे लागतात.

तुमचा गाळा असेल आणि जाहिरातीचं काम कुणावर सोपवणार असाल, तर दोन गोष्टी करा. खातं तुमच्याच ईमेलवर उघडा. काम करणाऱ्याला फक्त परवानगी द्या. आणि क्लिक किती आले हे विचारण्याआधी शोधलेल्या शब्दांची यादी मागून घ्या. माझ्याकडेही मागा. ती वाचायला संगणक यावा लागत नाही, आपलं गिऱ्हाईक ओळखता आलं की पुरतं.