मार्जारन्याय

रामानुजपंथांत भक्तीचे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट बिलगतें. मांजर मात्र पिलाला आपणच तोंडांत धरून नेते. ख्रिस्ती लोकांची ‘कृपा’ ह्या दुसऱ्या जातीची, हें जॉन न्यूटनचें चरित्र वाचतांना माझ्या ध्यानांत आलें. १७४८ सालीं भर समुद्रांत वादळांत सांपडल्यावर ह्या इंग्रज खलाशानें देवाचा धांवा केला, आणि आपला उद्धार तो त्याच दिवसापासून मोजीत असे. पण गुलामांच्या जहाजाचा कप्तान तो झाला त्यानंतरच! जहाजाच्या पोटांत साखळदंडांनीं बांधलेलीं माणसें आणि वर कप्तानाची प्रार्थना, असें १७५४ पर्यंत चाललें; आणि सुटलें तेंही आजारामुळें.

पुढें तो पाद्री झाला. कृपेवरील त्याचें जगप्रसिद्ध स्तोत्र १७७९ सालीं छापलें गेलें. त्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका मात्र १७८८ ची. चाळीस वर्षें! पिलूं इतकें ओढाळ असूनही आईनें तोंडांतून टाकलें नाहीं, ह्याचें मला मोठें नवल वाटतें. परंतु साखळदंडांतल्या त्या जीवांना चाळीस वर्षांचा अवकाश कोठें होता? न्यूटनलाही हें टोंचत असावें. कारण आपली कबुली फार उशिरां आली, झालेली हानि तिनें भरून निघणार नाहीं, हें त्यानें त्याच पुस्तिकेंत स्वतः लिहून ठेविलें आहे.