नऊ जणी

स्त्रीवादी समीक्षा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक दाखला देत आलो: १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या ८०० मीटर शर्यतीचा. धावपटू कोसळल्या आणि म्हणून ती शर्यत पुढे १९६०च्या रोम ऑलिंपिकपर्यंत बंद ठेवली गेली. बंदी अन्याय्य होती हे सांगण्याच्या भरात त्यांचे कोसळणे आम्ही खरेच धरून चाललो होतो.

पुढे त्या अंतिम शर्यतीचा निकाल वाचनात आला. नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम करून पहिली आली. दुसरी जपानची हितोमी किनुए. १०० मीटरची अंतिम फेरी हुकल्यावर ती या शर्यतीत उतरली आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली जपानी स्त्री ठरली. बरोबर तीन वर्षांनी, २ ऑगस्ट १९३१ रोजी, चोविसाव्या वर्षी न्यूमोनियाने ती गेली. आमच्या दाखल्यात तिचे नावही नव्हते.

शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर टेकल्या, एवढेच. (पुरुष असा टेकला की त्याला आपण झुंज म्हणतो.) एका अमेरिकी पत्रकाराने मात्र अकरा स्पर्धक मोजल्या आणि त्यांतल्या पाच जणींना अर्ध्यावर थांबवून टाकले. त्याला त्या दुबळ्या दिसल्या, आम्हाला बिचाऱ्या. कळवळा आमचा, पण मजकूर त्याचाच.

हल्ली वर्गात आम्ही आधी निकाल वाचायला देतो, बातमी नंतर.