रानकुत्र्यांच्या ड्युटीवर

पहाटे साडेतीनचा अलार्म, हातात अँटेना, दुपारी एक्सेल शीट. झुलुलँडच्या जंगलात व्हॉलंटिअर म्हणून काढलेले दोन आठवडे.

आधी नावाचं बघू. नकाशावरचं स्पेलिंग वाचून आपण ‘ह्लुह्लुवे’ म्हणतो आणि समोरचा झुलू माणूस गालात हसतो. जीभ वर टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, म्हणजे ‘श्लुश्लुवे’च्या जवळपास काहीतरी निघतं. मला ते दहाव्या दिवशी जमलं. तोवर मी सरळ ‘पार्क’ म्हणत होते.

तर, ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्क. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, डर्बनहून गाडीने तीन-साडेतीन तास. क्षेत्रफळ ९६० चौरस किलोमीटर. अख्खी मुंबई आत ठेवून वर भरपूर जागा उरेल. एकेकाळी झुलू राजांचं शिकारीचं रान, १८९५ पासून संरक्षित. आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी एक. इथे वन्यप्राण्यांवर नजर ठेवायच्या कामात एका संस्थेमार्फत पैसे भरून मदतीला जाता येतं. हो, पैसे भरून. पगार वगैरे विसरा. आपण दिलेल्या पैशातून गाडीचं डिझेल, टायर आणि कॉलर येतात आणि वर आपले दोन हातही वापरले जातात. ‘पैसे देऊन कामाला जातेस?’ हा घरचा प्रश्न तुम्हालाही येणार, उत्तर तयार ठेवा.

दिवस असा असतो. साडेतीनला उठायचं, चार वाजता बकीत. बकी म्हणजे तिकडची पिकअप. मागे उघड्यावर दोन बाकं, त्यावर आम्ही चार जण. ऑक्टोबर म्हणजे तिकडचा वसंत, पण पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. लोकर, कानटोपी, मफलर, म्हणजे थेट महाबळेश्वरला गेलेलं मराठी कुटुंब. हातात अँटेना: जुन्या चाळीच्या गच्चीवर टीव्हीची असायची ना, तिचीच धाकटी बहीण. टेकडीवर गाडी थांबली की उभं राहायचं, अँटेना डोक्यावर धरून सावकाश गोल फिरायचं आणि रिसीव्हरमध्ये ‘टिक... टिक...’ ऐकायचं. ज्या दिशेला आवाज मोठा, त्या दिशेला कॉलर. मग रिसीव्हरचा आवाज कमी करून पुन्हा फिरायचं, म्हणजे दिशा आणखी नेमकी कळते. टेकड्यांवरून सिग्नल उसळून परत येतो आणि भलतीकडेच पाठवतो. पहिले दोन दिवस आम्ही अशाच प्रतिध्वनींच्या मागे हिंडलो. टेकडीच्या पलीकडे एक म्हातारी म्हैस रवंथ करत बसलेली आणि कॉलरचा पत्ता नाही!

कॉलर कोणाची? रानकुत्र्याची. सिंह, बिबट्या, हत्ती बघायला जगभरातून लोक येतात. हा बिचारा त्यांच्या यादीत नसतो. आपल्या ताडोब्यातला कोळसून आणि हा आफ्रिकेतला, दोघांनाही आपण रानकुत्रा म्हणतो, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. कोळसून तांबूस, एकरंगी. आफ्रिकेतल्याच्या अंगावर मात्र काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगाचे डबे सांडल्यासारखे. कान बशीएवढे गोल. दोन कुत्र्यांचे ठिपके कधीच सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येकाचं ‘ओळखपत्र’ फोटोवरून बनतं. आययूसीएनच्या अंदाजानुसार अख्ख्या आफ्रिकेत मिळून ते ६,६०० च्या आसपास उरलेत आणि त्यातले प्रत्यक्ष पिल्लं वाढवू शकणारे जेमतेम १,४००. आपण टीव्हीवर चिंता करतो त्यातल्या बऱ्याच प्राण्यांपेक्षा हा आकडा लहान आहे.

या पार्कातून ते पूर्वी पार नाहीसे झाले होते. १९८०-८१ मध्ये बाहेरून आणून सोडले. आता गंमत अशी की दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक राखीव जंगलं कुंपणात आहेत. कुंपणात राहायचं म्हणजे सगळे एकमेकांचे चुलत-मावस. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे एक पद्धत आहे: एका जंगलातले भाऊ-भाऊ उचलायचे, दुसऱ्या जंगलातल्या बहिणी-बहिणी आणायच्या, दोन्ही पार्ट्यांना काही आठवडे एका मोठ्या बंदिस्त आवारात एकत्र ठेवायचं आणि जमलं तर तिसऱ्याच जंगलात सोडायचं. आमच्या मॉनिटरने हे सगळं फार गंभीरपणे समजावलं. मी म्हटलं, आमच्याकडे याला कांदेपोहे म्हणतात. मग कांदेपोहे म्हणजे काय ते समजावण्यात एक टेकडी गेली.

सहा वाजेपर्यंत कळप सापडला तर तो दिवस सोन्याचा. चौथ्या दिवशी सापडला: अकरा कुत्रे, रस्त्याच्या कडेच्या वाळूत एकमेकांवर तंगड्या टाकून झोपलेले. मग एक उठला, आळस दिला, फिस्सकन शिंकला. दुसरा शिंकला. तिसरा. आणि अचानक अख्खा कळप उठून चालू पडला! मला वाटलं धूळ गेली असेल नाकात. पण २०१७ मध्ये बोट्स्वानातल्या कळपांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालंय. शिकारीला निघायचं की नाही यावर हे प्राणी म्हणे शिंकून मत देतात. निघायची टूम कळपाच्या म्होरक्याने काढली तर तीनेक शिंका पुरतात. एखाद्या ज्युनियरने काढली तर दहाएक लागतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये बसलेल्या प्रत्येकाला हा हिशेब चांगलाच ठाऊक आहे.

मग निरीक्षणाची शीट भरायची. वेळ, जीपीएसवरची जागा, किती दिसले, कोण दिसलं नाही, पोटं भरलेली की खपाटीला, कोणी लंगडतंय का. हे मोजताना मॉनिटर एकदम गप्प झाली. दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘मागची मादी. मान बघ.’ मानेभोवती केस चिकटलेले, ओले, आणि खाली एक बारीक चकाकती रेष. तार.

ही तार फास लावणाऱ्यांची. झुडपात, जनावरांच्या वाटेवर, तारेचा फास टांगून ठेवतात. हरीण, रानडुक्कर, जे सापडेल ते मांसासाठी. पण फास काही माणसं बघून निवड करत नाही. रानकुत्रे दिवसाला मैलोनमैल त्याच वाटांनी पळतात, मान अडकते, जोर लावून तार तुटते आणि गळ्यात राहते. पुढे प्रत्येक हालचालीला ती आत रुतत जाते.

त्या मादीला कॉलर नव्हती. कॉलर कळपातल्या दुसऱ्याच कुत्र्याला होती. म्हणजे कळप एकत्र आहे तोवर ती सापडणार. जखमेमुळे मागे पडली की संपलं. मॉनिटरने तिथूनच रेडिओवर कळवलं. पशुवैद्य दुसऱ्या एका कामावर होता, संध्याकाळपर्यंत येणं शक्य नव्हतं आणि तोवर कळप नदी ओलांडून गेलासुद्धा.

पुढचे तीन दिवस इतर सगळं बंद. पहाटे चार ते दहा आणि दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत फक्त ‘टिक टिक’. या तीन दिवसांत मी जे काही बघितलं ते पर्यटकांनी हेवा करावा असं होतं, पण आम्ही कुठेच थांबलो नाही. पांढऱ्या नदीच्या वाळूत सिंहीण बसलेली. बरं, पुढे चला. वाट अडवून हत्ती उभा. मग गाडी अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये. जिराफ, न्याला, गिधाडं. गिधाडं आकाशात घिरट्या घालताना दिसली की मात्र गाडीत कोणी बोलायचं नाही.

आमच्या गाडीवरचा वाटाड्या साठीचा. आम्ही सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणायचो. झुलू भाषेतही वडीलधाऱ्या माणसाला बाबाच म्हणतात, मला वेगळं काही शिकावंच लागलं नाही. त्यांचं गाव कुंपणाला लागून. दुपारी सावलीत बसलो असताना मी जरा तावातावाने विचारलं की फास लावणारी ही माणसं नेमकी कोण? बाबांनी एक काडी उचलून वाळूत रेघ ओढली. म्हणाले, हे कुंपण. अलीकडे तुमच्या गाड्या. पलीकडे माझ्या गावातली पोरं, त्यांना नोकरी नाही. कुत्रे कुंपणाखालून निघून पलीकडे आले की आमच्या शेळ्या मारतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या तीन गेल्या. मग मी विचारलं, तरी तुम्ही कुत्रे वाचवायचं काम करता? ते म्हणाले, ‘पगार आहे. आणि त्या मादीला मी पिल्लू असल्यापासून ओळखतो.’ दोन्ही कारणं त्यांनी एकाच सुरात सांगितली.

सातव्या संध्याकाळी कळप पुन्हा सापडला आणि मादी त्यात होती. अंग सुकलेलं, पण इतर तिला टाकून गेले नव्हते. या प्राण्यांचं हे खरंच विशेष आहे: आजारी, जखमी, म्हातारे यांना शिकारीवर खाऊ देतात, पिल्लांसाठी आणि मागे राहिलेल्यांसाठी पोटातलं मांस ओकून काढतात. ऐकायला किळसवाणं, बघायला अजिबात नाही.

दुसऱ्या पहाटे पशुवैद्य हजर. मेलेलं इम्पाला हरीण साखळीने झाडाच्या बुंध्याला बांधलं, स्पीकरवर रानकुत्र्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज लावले आणि गाड्या बंद करून बसलो. चाळीस मिनिटं काहीच नाही. मग गवतातून बशीसारखे कान वर आले. सगळे मांसावर तुटून पडले तेव्हा एक हलकासा ‘फट्’ आवाज झाला. बंदुकीतून सुटलेली भुलीची सुई तिच्या मांडीत. ती थोडी धावली, डगमगली, बसली. बाकीच्यांना गाडीने जरा लांब ढकललं.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात कधी इतकी शिस्तीत काम केलेली आठवत नाही. डोळ्यांवर पट्टी. माझ्याकडे कागद, पेन आणि घड्याळ: दर पाच मिनिटांनी श्वास मोजायचे आणि तापमान लिहायचं. कारण भुलीत शरीर तापतं, तापलं तर कानांवर पाणी शिंपडायचं. तार कटरने कापली तेव्हा ती मांसात बोटाच्या पेराएवढी गेली होती. वास... तो सांगत नाही. जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं आणि आता तिलाच कॉलर चढवली. उलट भुलीचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत तिने डोकं उचललं. कळप लांबून ‘हू... हू...’ करत होता. घुबडासारखा, जरा केविलवाणा आवाज असतो तो. ती त्या आवाजाकडे निघाली, आधी वाकडीतिकडी, मग सरळ. बाबांनी कापलेली तार गुंडाळून खिशात टाकली. ऑफिसात अशा तारांचा एक अख्खा ढीग आहे.

दुपारचं काम इतकं थरारक नसतं, हे आधीच सांगितलेलं बरं. कॅमेरा ट्रॅपचे फोटो लॅपटॉपवर बघून नोंदी करायच्या. हजार फोटोंतले आठशे वाऱ्याने हललेल्या गवताचे. शंभर माकडांचे, त्यातलं एखादं थेट लेन्समध्ये दात बघणारं. मधेच रात्री अडीचचं तरस किंवा गेंडा. गेंडा आला की फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आणि त्याची जागा बाहेर कुठेही सांगायची नाही. आमचे स्वतःचे गेंड्यांचे फोटोही परत येईपर्यंत कुठे टाकायचे नाहीत, असं पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं.

ते का, हे या पार्कात सांगावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणी पांढरे गेंडे शंभराहून कमी उरले होते आणि ते इथेच. १९६० च्या दशकात इयान प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑपरेशन ऱ्हायनो’मध्ये इथून गेंडे पकडून आफ्रिकाभर आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पाठवले. आज जगात जे पंधरा हजारांच्या आसपास आहेत, ते सगळे त्या मूठभरांचे वंशज. आणि त्याच पार्कात २०२३ या एका वर्षात चोरट्या शिकाऱ्यांनी ३०७ गेंडे मारले. देशभरात मिळून ४९९. २०२४ मध्ये इथल्या गेंड्यांची शिंगं मुद्दाम कापायला सुरुवात झाली. शिंग नसलेला गेंडा पहिल्यांदा बघितला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, जन्मभर चष्मा लावणाऱ्या काकांनी तो काढल्यासारखं. शिंग नखासारखं पुन्हा वाढतं. वाढलं की पुन्हा कापायचं.

संध्याकाळी स्वयंपाक पाळीने. तिकडे मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला पाप म्हणतात. माझ्या पाळीला मी तिच्यासोबत पिठलं केलं. स्वीडनच्या मुलीने तीनदा घेतलं. बाबांनी मिरची कमी पडल्याची तक्रार केली. अंधार पडल्यावर खोलीबाहेर जायचं ते टॉर्च घेऊन आणि जोडीने, कारण कचऱ्याच्या डब्याशी तरस येतं. रोज रात्री आंघोळीनंतर गोचिडी शोधायचा कार्यक्रम. मिरीच्या दाण्याहून बारीक असतात, आणि जिथे नको तिथेच बसतात.

आता ज्यांच्या डोक्यात चक्र फिरायला लागलंय त्यांच्यासाठी. ‘आफ्रिकेत व्हॉलंटिअर’ असं शोधलंत तर पहिल्या झटक्यात सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजणारे हसरे चेहरे दिसतील. तिकडे जाऊ नका. अशा ठिकाणी बछडे आईपासून लवकर तोडतात म्हणजे ती पुन्हा वितेल. मोठे झालेले सिंह कुंपणातल्या शिकारीला किंवा हाडांच्या व्यापाराला जातात. २०१५ च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हे धंदे उघडे केले आणि दक्षिण आफ्रिका सरकारने २०२१ मध्ये ही पैदास बंद करायचं धोरण जाहीर केलं. कुठल्याही संस्थेला एकच प्रश्न विचारायचा: प्राण्यांना हात लावायला मिळेल का? ‘हो, हो, नक्की’ असं उत्तर आलं की टॅब बंद करायचा. मला दोन आठवड्यांत एकाच प्राण्याला हात लावायला मिळाला, तोही थर्मामीटरसाठी.

व्हिसा लागतो, आणि अशा कामासाठी कोणत्या प्रकारचा ते संस्थेकडून लेखी घ्या. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाताना विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. कपडे खाकी, तपकिरी, हिरवे. दुर्बीण स्वतःची न्या, आठ-बाय-बेचाळीस पुरते. आणि बेसन, हिंग, हळद यांचं वजन बॅगेत वाढवू नका. डर्बनमध्ये १८६० पासून भारतीय वस्ती आहे. व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटला सगळं मिळतं, मुंबईपेक्षा तिखट मसालासुद्धा.