थारच्या डॅशबोर्डवर कच्छचा नकाशा

बडोद्याच्या माणसाला कच्छ तसं परकं नाही. अहमदाबाद, विरमगाम, माळिया असं करत सूरजबारीचा पूल ओलांडला की आपण कच्छात. आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं धोरडोच्या तंबूंत राहून, पांढरं रण बघून आली आहेत. आम्ही मात्र डिसेंबरात दुसऱ्या बाजूने गेलो: भचाऊ, रापर, खडीर बेट, धोळावीरा आणि तिथून रणातल्या नव्या रस्त्याने खावडा नि काळा डुंगर. गाडी जुन्या पिढीची थार, तिच्यात कंपनीचा स्क्रीन वगैरे काही नाही. बरोबर बाबा, वय ७१, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मोबाइलवरचा नकाशा त्यांना दिसत नाही, आणि शेजारी बसून रस्ता सांगायचा मान तर त्यांचाच. म्हणून निघण्याआधी गाडीत आठ इंची टॅब्लेट बसवायचं ठरलं.

पुष्कळांना वाटतं, नेटवर्क गेलं की जीपीएस गेलं. तसं नाही. उपग्रहांचे संकेत थेट आकाशातून येतात, त्यांना ना सिम लागतं ना डेटा. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. ते घरीच उतरवून घेतलं की काम झालं. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप्स यासाठी उत्तम, अख्खा गुजरात त्यात मावतो. टॅब्लेट घेताना एक गोष्ट मात्र पाहावी. फक्त वायफायवर चालणाऱ्या कित्येक टॅब्लेटमध्ये जीपीएसची चिपच नसते. सिमची खाच असलेल्यात ती बहुधा असते. तरी दुकानातून बाहेर रस्त्यावर येऊन, मोकळ्या आकाशाखाली एकदा तपासून घ्यावं.

बसवण्याचं काम आम्ही बापलेकांनी दोन रविवारांत केलं. बाबा वीजखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे मल्टिमीटर त्यांच्या हातात आणि पाना माझ्या. डॅशबोर्डच्या मधोमध ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, बोल्टखाली रबराचे वॉशर घातले. खडबडीत रस्त्यावर सतत थरथर होते, ती थोडी कमी व्हावी म्हणून. गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत काहीही बसवू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

मग वीज. टॅब्लेटला ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट. गाडीच्या १२ व्होल्टवर, कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरून, दीड अँपिअर. वायर अशा जागेवरून घेतली की किल्ली फिरवल्याशिवाय तिथे वीज येत नाही, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरायची. मी म्हटलं, "बाबा, कन्व्हर्टरला संरक्षण आहेच, वेगळा फ्यूज कशाला?" ते वर न बघता म्हणाले, "फ्यूज टॅब्लेटसाठी नसतो रे, वायरीसाठी असतो. वायर घासून पत्र्याला लागली तर तुझा कन्व्हर्टर काय करणार?" तीन अँपिअरचा फ्यूज, वीज घेतली त्या टोकाला अगदी जवळ. टॅब्लेट पट्टीतून सरकवून काढता येईल असा ठेवला, कारण उन्हात बंद गाडीत लिथियमची बॅटरी तापत ठेवणं धोक्याचं.

प्रवासात त्याचा पहिला खरा उपयोग भचाऊला झाला, आणि तोही रस्ता शोधायला नव्हे.

२६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. आपल्याकडे बडोद्यातही पंखे झुलले होते, आम्ही पोरं शाळेत झेंडावंदनाला उभी होतो. चौथ्या दिवशी बाबांना कच्छात पाठवलं, तारा आणि खांब पुन्हा उभे करायला. ते अडीच महिने तिथे होते. आल्यावर त्याबद्दल फारसं बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. भचाऊ जवळजवळ पूर्ण कोसळलं होतं एवढंच ठाऊक.

आता भचाऊ नव्याने आखलेलं गाव आहे, रस्ते रुंद आहेत. बाबांनी चष्मा पुसला आणि टॅब्लेटवर बोटाने नकाशा मोठा करत बसले. "इथे बाजाराची गल्ली होती. तिच्या तोंडाशी आमचा ट्रान्सफॉर्मर." नकाशात ती गल्ली नव्हती, बाहेरही नव्हती. आम्ही रेल्वे स्टेशन धरून सुरुवात केली. तिथून अंदाजाने डावीकडे, मग टेकडीवरच्या किल्ल्याकडे तोंड करून थोडं पुढे. एका दुकानापाशी बाबा म्हणाले, "थांब." उतरले, पाचेक मिनिटं उभे राहिले. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, की गावात पहिला दिवा लागला त्या रात्री लोक टाळ्या वाजवतील असं त्यांना वाटलं होतं. पण उजेडात मोकळी झालेली जागा दिसली आणि बायका रडायला लागल्या. मी काही बोललो नाही. नकाशावर त्या जागी खूण कशी ठेवायची ते दाखवलं, त्यांनी ठेवली. नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, "नुसता ठिपका राहू दे."

भचाऊहून रापरकडे जाताना टॅब्लेटवर अक्षांशाचा आकडा २३ अंश २६ मिनिटांवर आला. कर्कवृत्त! भूगोलात पाठ केलेली रेषा चाकाखालून गेली, तेवढ्यानेही बाबा खूश झाले. रापरनंतर वस्ती विरळ होते, मग दोन्ही बाजूंना रण आणि मधून खडीर बेटावर नेणारा रस्ता.

धोळावीरा २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. जगत्पती जोशींनी साठच्या दशकात हे स्थळ उजेडात आणलं आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिष्टांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. बघण्यासारखं काय, तर पाणी. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही फक्त पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून, खडक कोरून, एकामागून एक हौद भरून घेत इथे शहर नांदलं. उत्तर दरवाजाशी दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली, ती आजवर कोणाला वाचता आलेली नाही.

तिथून थोड्या अंतरावर दगड झालेली झाडांची खोडं आहेत, डायनोसॉरच्या काळातली. त्याच्या पलीकडे रण सुरू होतं. टॅब्लेटवर तिथून एक तुटक रेषा थेट रणात शिरलेली दिसत होती. समोर जमीनही सपाट, पांढरी, कोरडी. फोर-व्हील-ड्राइव्ह असलेल्या माणसाला आणखी काय हवं? शेळ्या वळणाऱ्या एका काकांना विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. "उपरथी सूकुं, नीचे कादव. त्यां ना जशो, भाई." वरून कोरडं, खाली चिखल. त्यांनी काठी टोचली, ती मिठाच्या पापुद्र्यातून वीतभर सहज आत गेली. काठीचं टोक काळंभोर होऊन बाहेर आलं.

ती रेषा खोटी नव्हती. कोणीतरी भर उन्हाळ्यात तिथून गाडी नेली असेल आणि तो माग नकाशात चढला. पण पावसाळ्यात इथे पाणी भरतं आणि हिवाळ्यात ते पृष्ठभागाखाली असतं, हे नकाशात लिहिलेलं नसतं. चारही चाकं फिरली तरी ती अशा चिखलात फक्त खोल जातात, ओढायला दुसरी गाडी नाही, नेटवर्क नाही, आणि पुढे सरहद्दीचा भाग. आम्ही गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी धोळावीरा ते खावडा. घडुली-सांतलपूर महामार्गाचा हा तुकडा रणाच्या मधून जातो. दोन्हीकडे काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी मीठ, लांबवर रोहित पक्ष्यांची रांग. इथे नकाशाचं काम शून्य, स्क्रीनवर नुसती सरळ रेघ.

मग काळा डुंगर, सुमारे ४६० मीटर, कच्छचं सर्वात उंच ठिकाण. वर दत्ताचं मंदिर. बडोद्यात दत्तजयंतीला गर्दीत उभं राहणाऱ्या आपल्याला हे अप्रूप, की इथला प्रसादाचा भात आधी कोल्ह्यांना घालतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तांनी आपलं अंग देऊ केलं, अशी तिथली कथा आहे. बाबा ओट्याजवळ पाऊण तास बसले. दोन कोल्हे आले, खाऊन गेले.

ज्यांना जायचं असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी जावं, रापरला टाकी भरून घ्यावी, पाणी जास्त न्यावं. टॅब्लेट बसवायचा असेल तर मला जरूर फोन करा, बाबा मल्टिमीटर घेऊन येतील. आणि घरातलं कोणी त्या वर्षी कच्छात कामाला गेलं असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवून न्या.