प्रार्थना करतो म्हणालात, मग?

हिंगोली जिल्ह्यात आध्यात्मिक आत्मसंतुष्टीविषयी बोलायचं तर नामदेवांना वळसा घालून पुढे जाताच येत नाही. नरसी हे त्यांचं गाव आणि औंढा नागनाथ हे, परंपरेप्रमाणे, त्यांना गुरू भेटले ते ठिकाण. तेरढोकीला संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी सुचवलं आणि गोरोबाकाकांनी थापटणं उचलून एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं. बाकीचे मुकाट बसले, नामदेव तेवढे भडकले. ज्याच्या हातून प्रत्यक्ष विठ्ठल जेवतो, त्याच्या डोक्यावर थापटणं? निकाल लागला : मडकं कच्चं. तक्रार घेऊन ते पंढरपूरला गेले, तर विठ्ठलानेही बाजू घेतली नाही, विसोबा खेचरांकडे जा म्हणाला. औंढ्याला पाहतात तो म्हातारबुवा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हणाले, देव नसेल अशी जागा दाखव आणि तूच उचलून ठेव तिथे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती कीर्तनात नाही, रविवारच्या उपासनेत. सांगणारे काका एसटीतून निवृत्त झालेले वाहक. पाळक दौऱ्यावर असले की संदेश त्यांच्याकडे यायचा. प्रकटीकरणातल्या लावदिकीयाच्या मंडळीवर, म्हणजे थंडही नाही नि ऊनही नाही अशा माणसांवर, बोलायचं असलं की ते हटकून औंढ्याला पोचायचे. एकदोघांनी कुरकुर केली. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की लावदिकीया कुणी पाहिलंय? औंढ्याला रोज बस जाते.

हिंगोलीत ख्रिस्ती माणसं मूठभर. 1903 पर्यंत इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, पण मिशनची ठळक कामं उभी राहिली ती आजूबाजूला. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. पलीकडे वाशीमला चर्च ऑफ द नाझरीनने 1938 मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. हिंगोलीतली घरं या दोन्हींपासून लांब, नोकरीनिमित्त आलेली किंवा एखाद्या आजोबांपासून रुजलेली. अशा लहान मंडळीची सुस्ती वेगळ्या जातीची असते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवून ढिला पडतो. इथे सगळे ओळखतात, नाताळला घरावर चांदणी लागते, शाळेच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला असतो. तेवढ्यावर भागतं. पाप वगैरे काही घडत नाही, फक्त काहीच घडत नाही.

मग येते 31 डिसेंबरची रात्र. उपासना बारापर्यंत चालते, शेवटी लोक एकेक करून उभे राहतात आणि नेम बोलतात : रोज एक अध्याय वाचीन, घरची संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू करू, दशांश बाजूला काढीन. ही रीत आपल्याकडची नाही. जॉन वेस्लींनी 1755 मध्ये लंडनला देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासना घेतली आणि मेथडिस्ट मंडळ्यांनी ती नववर्षाला जोडून घेतली. दर वर्षी तोच शब्द पुन्हा द्यावा लागतो, यातच वेस्लींची माणसाविषयीची जाण दिसते. आमच्याकडचे नेम साधारण संक्रांतीपर्यंत टिकतात. तिळगुळाच्या सुमाराला वाचन उत्पत्तीतच अडकलेलं असतं आणि फेब्रुवारीत कुणी कुणाला विचारतही नाही. न विचारणं हा आमच्यातला सभ्यपणा आहे.

हा सभ्यपणा मोडला कळमनुरीकडच्या एका बाईने. तिच्या नवऱ्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं होतं, त्याला नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. जाण्याआधी ती उपासनेला आली, तेव्हा दारात चपला घालता घालता निम्म्या मंडळीने तिला सांगितलं होतं, आम्ही प्रार्थना करतो. पुढे बऱ्याच आठवड्यांनी ती परत आली. उपासना संपल्यावर आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘माझ्या मालकासाठी प्रार्थना करतो म्हणालात, मग? केली का कुणी? ते घरी येऊन महिना झाला. कसे आहेत म्हणून एकाचा फोन नाही.’’

कुणीतरी चहा पुढे केला. तिने घेतला नाही.

काकांनी त्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणली. आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस. थांबा आला की किती तिकिटं फाटली ते लिहायचं, मगच बेल मारायची. त्याच वळणाने त्यांनी पट्टीने रकाने आखले : नाव, गाव, काय कबूल केलं, कोणत्या तारखेला, पुन्हा कधी विचारलं, आणि शेवटी ‘पोचलं’. पहिली ओळ अर्थातच त्या बाईच्या नवऱ्याची. ‘काय कबूल केलं’ या रकान्यात ‘प्रार्थना’ एवढंच लिहायला त्यांनी स्वतःला मनाई केली होती. सोबत काहीतरी हातापायाचं काम हवं : डायलिसिसच्या दिवशी सोबत, मुलीच्या फॉर्मसाठी तहसीलला चक्कर, नाहीतर निदान घरी जाऊन बसणं. शुक्रवारी सकाळी वही उघडायची आणि ज्यांचा विचारायचा रकाना कोरा आहे त्यांच्याकडे निघायचं. पंचाहत्तरी उलटल्यावर एसटीचं तिकीटच लागेना, तेव्हा ते म्हणाले, आता तर सबबही राहिली नाही.

त्यांना यात भक्ती वगैरे दिसत नव्हती. उलट मन कोरडं असतानाही वही उघडावी लागते, हाच तिचा उपयोग, असं ते सांगत. प्रार्थनेला बसावंसं वाटेल तेव्हा बसू, असं म्हणणारा माणूस महिनोन्‌महिने बसत नाही. नाव समोर लिहिलेलं असलं की बसतो, आधी चडफडत, मग बहुधा मनापासून.

आमच्यात ना. वा. टिळकांचं नाव निघालं नाही असा एक रविवार जात नाही. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी त्यांची गीतं. मराठी संतांच्या वाटेने, त्यातही तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेला हा कवी. सुस्ती झटकण्याचं त्यांच्याइतकं जबर उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासात सापडणं कठीण. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, ‘ज्ञानोदय’ची जबाबदारी, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. सगळी घडी बसलेली. आणि सप्टेंबर 1917 मध्ये, पन्नाशी ओलांडून पाच वर्षं झाल्यावर, त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षंही मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी ते गेले.

तरुण मुलांना हे भारी आवडतं. राजीनामा, भगवं, दरबार. काका मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र दोनदा वाचून वेगळ्या निष्कर्षावर आले होते आणि मला तो पटतो. टिळकांनी पेटवलं पुष्कळ. शब्द पाळला तो लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाईंचा हिशेब पाहण्यासारखा आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी, अक्षरं शिकवली ती नवऱ्याने. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपूरला, म्हणजे नामदेवांच्या पायरीच्या गावात. काही वर्षांनी एका छताखाली आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणी नि स्वयंपाक निराळा. बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. घाईचं एकही पाऊल नाही. नवऱ्याने 1909 मध्ये ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं, ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगायचं. दहाएक अध्याय झाले आणि ते राहूनच गेलं. ते अर्धवट बाड बाईंनी उचललं आणि एक-दोन नव्हे, 64 अध्याय लिहिले. कुणी मागितलं नव्हतं. ज्याने संकल्प केला तो हयात नव्हता. त्याही 1936 मध्ये गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी घातला आणि ग्रंथ 1938 मध्ये बाहेर आला. एका घराने एक शब्द जवळजवळ तीस वर्षं ओढून पुरा केला.

साताऱ्याच्या दरबारावर व्याख्यानं होतात, 64 अध्यायांवर सहसा होत नाहीत. राजीनामा एका दिवसात देता येतो म्हणून असेल.

वहीकडे परत यायचं तर, ती सगळ्यांनाच रुचली असं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं शास्त्र सांगत असताना हा जमाखर्च कशाला, असा आक्षेप एका ज्येष्ठ बाईंनी घेतला. आक्षेप पोकळ नव्हता. काकांनी त्यानंतर वही उपासनेत आणणं बंद केलं. तरुणांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कुणाचं दुखणं टाकलं की तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागायची आणि काका विचारायचे, यातले कितीजण गेले? पुढे तडजोड झाली. निरोप ग्रुपवर, पण ज्याने हात जोडले त्याचं नाव वहीत. हात जोडणाऱ्यांची संख्या लगेच निम्म्यावर आली. त्या निम्म्यांनी मात्र डायलिसिसच्या पाळ्या लावून घेतल्या आणि त्या अजून चालू आहेत.

पहिली वही भरली तेव्हा न पोचलेली नावं बरीच होती. काहींनी घर सोडलं होतं, दोघांचं निधन झालं होतं, काहींकडे जायचं खरंच राहून गेलं होतं. काकांनी ती सगळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली, वर ‘मागील बाकी’ असं लिहून.

नवी वही आता बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी सांभाळते, कारण काकांना अक्षर नीट दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी तारीख दिली होती, ती त्यांनी दोनदा पुढे ढकलली. पोरीने वही ताब्यात घेतल्या घेतल्या नाव लिहिलं ते त्यांचंच. ‘काय कबूल केलं’ या रकान्यात ‘ऑपरेशन’. काका म्हणाले, सोयाबीन निघाल्यावर बघू. तिने सोयाबीन लिहिलं नाही. दवाखान्यात फोन लावला, वार विचारला आणि तो लिहिला.