अक्कांच्या रक्ताचा अहवाल

आमच्या थोरल्या भगिनी, अक्का, यांना विसर पडू लागला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्यांचे रक्त तपासावयास सांगितले. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंड, सारे झाले. या तपासण्या अल्झायमर शोधण्यासाठी नसतात. विस्मरणाची दुसरी, बरी होण्याजोगी कारणे वगळण्यासाठी असतात, हे आम्हांस पुढे कळले. सर्व आकडे मर्यादेत होते. उभी नोकरी फायलींत गेल्यामुळे कागदावर आमचा विश्वास भारी. घरी येऊन आनंदाने म्हणालो, "अक्का, सारे ठीक आहे." त्यांनी आमच्याकडे निरखून पाहिले आणि अदबीने विचारले, "आपण कोणाकडले?"

तो कागद आम्हांस तेव्हापासून खुपत राहिला. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन, पण शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा खर्चतो, आणि तिच्यासाठी लागणारी साखर रक्तच पुरवते. अल्झायमरमध्ये मेंदूचे काही भाग ही साखर वापरण्यात मागे पडतात. मग इतक्या मोठ्या बिघाडाचा रक्तात मागमूसही नसावा?

मागमूस असतो, नेहमीच्या तपासणीत तो पाहिला जात नाही, इतकेच. २०२१ साली जपानमध्ये ओकिनावा व क्योतो येथील संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या आठ रुग्णांचे रक्त आठ निरोगी वृद्ध व आठ तरुणांच्या रक्ताशी ताडून पाहिले. चयापचयातील ३३ द्रव्यांत रुग्णांपाशी फरक आढळला. सात वाढलेली, त्यांतली काही मज्जासंस्थेला अपायकारक असावीत अशी, २६ घटलेली. घटलेल्यांत एर्गोथायोनीन हे एक होते. ते आपले शरीर तयार करीत नाही, अन्नातूनच येते, आणि विशेषतः अळंबीतून. हे वाचून आम्ही त्याच संध्याकाळी मशरूमची पुडी आणली! जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केलेल्या अक्कांनी ती ताटाबाहेर काढून ठेवली. अभिरुची स्मृतीहून चिवट असते म्हणावयाची.

पण पुडी आणताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. अक्का दोन घास खाऊन "जेवण झाले" म्हणून उठतात, हे कित्येक महिने चालले होते. तेव्हा रक्तातले द्रव्य घटते ते रोगामुळे, की रोगी नीट जेवत नाही म्हणून? द्रव्य आधी घटते की स्मृती? आठ माणसांवरून याचा निवाडा होत नाही. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी रक्तातील दहा स्निग्ध द्रव्यांवरून दोन-तीन वर्षे आधीच विकाराचे भाकीत करता येते असे म्हटले होते. पुढे इतरांना तसा पडताळा आला नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका तपासणीस मान्यता मिळाली खरी, परंतु ती मेंदूतील विकृत प्रथिनांचा माग काढणारी आहे, आणि लक्षणे दिसू लागलेल्या पंचावन्न वर्षांवरील रुग्णांपुरती.

चिरंजीव विचारतात, "बाबा, तुम्ही तपासून घेणार?" आम्हांस लक्षणे नाहीत, निदान आम्हांस दिसत नाहीत. उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. तूर्त अक्कांच्या ताटाशी बसतो. काल त्यांनी वरणभात संपवला आणि आमच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुम्हीही घ्या ना, परके असल्यासारखे काय बसलात!"