नवाहोंच्या गावी : तुम्ही कुणाचे?

फिनिक्सला नोकरीस असलेल्या पुतण्याकडे आम्ही उभयता उन्हाळ्यात गेलो होतो. ग्रँड कॅन्यन सगळेच पाहतात. आम्ही म्हटले, आधी नवाहो आदिवासींची राजधानी दाखव. पाचेक तास मोटार चालली. हद्द ओलांडताच पुतण्या म्हणाला, "काका, घड्याळ एक तास पुढे करा." अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळीत नाही, नवाहो राष्ट्र पाळते. आपला काटा आपण फिरवणारी ही माणसे आम्हाला तेथेच आवडली.

विंडो रॉक म्हणजे मधोमध भलेमोठे भोक असलेला तांबडा कातळ. त्याच्या पायथ्याशी नवाहो सैनिकाचा पुतळा आहे. १९४२ पासून या तरुणांनी आपल्या बोलीत सांकेतिक निरोप पाठवले. जपान्यांना ते शेवटपर्यंत उकलले नाहीत. हीच बोली शाळेत बोलल्याबद्दल त्यांतील अनेकांनी शिक्षा भोगल्या होत्या. आणि लढून घरी आल्यावर? अ‍ॅरिझोनात त्यांना मतच नव्हते! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ साली आदिवासींना 'पालकत्वाखालील' ठरवून मतदार यादीबाहेर ठेवले होते. तो निकाल १९४८ च्या जुलैत फिरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेबांनी घटना समितीपुढे मसुदा मांडला, ज्यात प्रत्येक प्रौढ माणसाला मत होते. आम्ही पुतळ्यापुढे बराच वेळ उभे राहिलो.

जवळच कौन्सिलची दगडी आठकोनी इमारत आहे. घडण 'होगन'ची, म्हणजे त्यांच्या जुन्या घराची, दार पूर्वेला. हे कौन्सिल १९२३ साली सुरू झाले ते तेल कंपन्यांच्या करारावर सही करायला कुणीतरी हवे म्हणून! पुढे लोकांनी ते आपले करून घेतले. ८८ प्रतिनिधी फार झाले म्हणून २००९ साली मतदान करून २४ वर आणले. खाली ११० चॅप्टर, म्हणजे आपल्या ग्रामसभाच. कित्येक घरांत अजून नळ नाही. लोक चॅप्टरवरून पिंपे भरून नेतात. नळावरची रांग काय असते हे आमच्या पत्नीला सांगावे लागले नाही.

बाजारात एका म्हातारीने तळलेली भाकरी दिली. १८६४ साली लष्कराने यांची शेते जाळून, पीचच्या बागा तोडून, शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. रेशनचे पीठ आणि चरबी एवढेच हाती होते, त्यातून ही भाकरी आली म्हणतात. १८६८ साली बार्बोन्सितो या पुढाऱ्याने जनरल शेर्मनला ठणकावले की आम्ही आमच्याच मुलखात जाऊ. १ जूनला तह झाला आणि माणसे घरी परतली.

म्हातारीने विचारले, "तुम्ही कुणाचे?" आमच्या पोटात गोळा आला. आपल्याकडे आडनाव विचारतात ते कशासाठी, हे वाचकांना ठाऊक आहे. पुतण्याने समजावले, इथे नाते जुळते का पाहायला विचारतात. आधी आईचे कूळ सांगायचे, मग बापाचे, मग दोन्ही आजोबांचे. कूळही आईकडूनच चालते. तिने आपली चारही सांगितली. आमच्या पत्नीने आईचे, आजीचे माहेर भराभर सांगितले. आम्ही मात्र बापाच्या आईच्या माहेरालाच अडलो. म्हातारी हसली आणि आमच्या भाकरीवर आणखी मध ओतला.